भांडखोर घेवडा आणि वाकडं जाकीट

बियाकाकूंकडून बी घ्यायचं, तर आधी थाप मारावी लागे. पैसे चालत नसत. थंडी ओसरली की एका रविवारी काकू फाटकाशी टेबल मांडत, त्यावर कागदी पुड्यांचा डोंगर रचत आणि सगळी गल्ली रांगेत उभी राहून गेल्या हंगामाबद्दल तोंडाला येईल ते सांगे. बेकरीवाली म्हणे, "काकू, भोपळा एवढा फुगला की दारातच अडकला. सासूबाई बाहेर गेलेल्या, त्या बाहेरच राहिल्या. काय शांत दिवस गेले म्हणून सांगू!" पोस्टमन म्हणे, "माझं सूर्यफूल एवढं उंच झालं, की शेवटी सूर्यच मान वळवून त्याच्याकडे बघायला लागला." काकू डोळे मिटून ऐकत, थाप तळहातावर तोलल्यासारखा हात हलवत आणि म्हणत, "जरा हलकी आहे रे. पण घे." पुडी देत, आणि माणूस वळला की मागून त्याच्या खिशात आणखी एक सरकवत. लाजरंबुजरं कुणी आलं, तर काकूच त्याच्या कानात एक थाप सांगत, त्याच्याकडून ती मोठ्याने म्हणवून घेत आणि वर "वा, काय सुचलं तुला!" म्हणून पाठही थोपटत.

एवढ्या गल्लीत काकूंच्या हातची पुडी कधीच न मिळालेली माणसं दोनच, आणि दोन्ही त्यांच्या घरची.

एक त्यांचे यजमान, शिंपीकाका. या माणसाची जीभ मापाच्या टेपला बांधलेली. कुणी "कसे आहात?" म्हटलं, तर "कालच्यापेक्षा अर्धा इंच बरा" असं उत्तर येई. तो बापडा थाप कुठून मारणार? दरवर्षी काकू पुडी हातात नाचवत म्हणत, "अहो, एक तरी! छोटीशी! म्हणा की, मुळा उपटायला गेलो तर मुळ्यानेच मला आत ओढलं." शिंपीकाका कपाळाला आठ्या घालून खूप विचार करत आणि म्हणत, "मुळा होता. बरा होता." पुडी परत टेबलावर.

दुसरी त्यांची आकडसासू, म्हणजे काकूंची थोरली बहीण. हिला गल्ली ताई म्हणे, आणि जरा लांबूनच म्हणे. ताईंचा सगळा जन्म दवाखान्याच्या औषधखोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलेला. आत जे आहे तेच बाहेर लिहायचं, नाहीतर माणूस जातं, हा त्यांचा बाणा. रविवारी त्या रांगेत येत, पाळी आली की ओठ घट्ट मिटून उभ्या राहत आणि तशाच पुढे निघून जात. काकू म्हणत, "ताईच्या वाट्याची पुडी बाजूला ठेवा. येईल कधीतरी तिला खोटं बोलावंसं वाटण्याचा दिवस."

तो दिवस यायच्या आधी काकूच गेल्या. पानं गळत होती त्या दिवसांत, दुपारी वाफ्याशी बसल्या बसल्या, कात्री मऊ कापडातून जावी तशा. हातातली लसूण अर्धी लावून झाली होती. उरलेली शिंपीकाकांनी लावली, सरळ रेषेत, आणि मग घरात येऊन शिलाई मशीनला डोकं टेकून बसले.

ताई आपली ट्रंक घेऊन राहायला आल्या. "भावोजी, तुम्हाला धड पाणी उकळता येत नाही. मी आहे आता." आणि आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघर आवरायला काढलं. सगळा घोटाळा इथे झाला.

त्याचं असं, की काकूंच्या घरातले उंदीर वाचायला शिकले होते. निदान काकूंचं तसं म्हणणं होतं. शिंपीकाका फळीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरत, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या उंदीर वाढले, मग शिकणारच. म्हणून काकू डब्यांवर उलटं लिहीत. ज्या डब्यात जिवापाड जपलेलं बियाणं असे, त्यावर लिहिलेलं असे "बटणं". आणि ज्यावर मोठ्या अक्षरांत "बियाणं! हात लावाल तर खबरदार!" असं असे, त्यात रोजचा शिजवायचा घेवडा. शिंपीकाकांना ही शिस्त अंगवळणी पडली होती. भूक लागली की ते बेधडक "खबरदार"चा डबा उघडत.

ताईंनी "बटणं" उघडला, आत बी. "खबरदार" उघडला, आत रोजचा घेवडा. त्यांच्या अंगावर काटाच आला. रोजचा घेवडा त्यांनी बरणीत भरला, बी "खबरदार"च्या डब्यात ओतलं, डबा पुसून जागेवर ठेवला आणि समाधानाने बाजारात गेल्या.

दुपारी शिंपीकाकांना भूक लागली.

चष्मा मशीनवर राहिलेला. त्यांनी डबा उघडला, सगळे दाणे पातेल्यात घातले, मीठ टाकलं, शिजवलं आणि खिडकीशी उभं राहून खाल्लं. चव वेगळीच लागली. जरा तिखट, जरा अंगावर येणारी, तोंडात हुज्जत घातल्यासारखी. पातेल्याच्या बुडाशी एक दाणा राहिला होता. काकांनी तो उचलून उजेडात धरला. जांभळा दाणा, त्यावर एक पांढरा ठिपका. उकडलेल्या डोळ्याने तो काकांकडे टक लावून बघत होता.

तो भांडखोर घेवडा होता.

हा वेल गल्लीत सगळ्यांच्या ओळखीचा. गप म्हणून बसायचा नाही. भिंत दिसली की पलीकडे, दोरी दिसली की वर. एकदा त्याने वाळत घातलेल्या शर्टाच्या दोन्ही बाह्यांत शिरून तो शर्ट दिवसभर मारामारीच्या पवित्र्यात उभा ठेवला होता. पोस्टमनची टोपी त्याने दोनदा काढून घेतली, एकदा तर पोस्टमन ती घालून उभा असताना. पण शेंग अशी गोड, की काकूंकडून नेलेलं भांडखोराचं पीक सगळेजण शेवटच्या दाण्यापर्यंत फस्त करत. बी राखायचं कुणाच्या मनातही येत नसे. काकूंकडे आहेच की!

आता काकूही नव्हत्या आणि घेवडाही नव्हता. होता तो शिंपीकाकांच्या पोटात.

ताई बाजारातून आल्या, पातेलं बघितलं, डबा बघितला आणि भाजीची पिशवी धरून मट्कन खाली बसल्या. "भावोजी! डब्यावर लिहिलं होतं ना, खबरदार!"

"म्हणून तर घेतला," काका म्हणाले.

बियांचा रविवार तोंडावर आला होता. काकूंच्या मागे तो पहिलाच. ताई म्हणाल्या, फाटकावर पाटी लावा, "यंदा बरं नाही" म्हणून लिहा. पाटी स्वतःच लिहायला घेतली, पण खोटं लिहिताना त्यांचाच हात अडला. काका म्हणाले, "मला बरं आहे. कालच्याइतकंच." काकूंचं नाव आपल्या एका जेवणाने पुसलं, हे काकांच्या घशात अडकून राहिलं होतं; घेवडा गेला होता खाली, हे काही जाईना.

रविवार उजाडला. काकांनी टेबल मांडलं. काकूंनी जाण्याआधीच बांधून ठेवलेल्या इतर पुड्या होत्या, मुळा, मोहरी, सूर्यफूल, त्या रचल्या. रांग लागली. सगळ्यात पुढे निवृत्त न्यायाधीश. गल्ली त्यांना न्यायमूर्ती म्हणे, कारण त्यांनाच ते आवडे. मागे बेकरीवाली, तिच्यामागे टोपी हाताने घट्ट धरलेला पोस्टमन.

काका टेबलामागे उभे राहिले. घसा खाकरला. "सुरू करण्याआधी मला काही सांगायचंय. भांडखोर घेवडा यंदा मिळणार नाही. मी तो खाल्ला. सगळा. मीठ घालून."

गल्लीत अशी टाळी उठली, की तारेवरची कबुतरं उडाली.

"वा शिंपीकाका, वा!" पोस्टमनने टोपी हवेत फेकली. "जन्मात पहिली थाप, आणि काय थाप!"

"मीठ घालून!" बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली. "अहो, ते मीठ घालून मला फार आवडलं."

"अहो, मी खरंच खाल्ला," काका काकुळतीला येऊन म्हणाले.

"आणि चेहरा बघा! जराही हसत नाहीत!" न्यायमूर्ती म्हणाले. "हलकी नाही ही. काकू असत्या तर दोन पुड्या दिल्या असत्या."

शेवटी ताईच बशी घेऊन बाहेर आल्या. बशीत तो एकटा उकडलेला दाणा. "हे थापा मारत नाहीत आणि मीही मारत नाही," त्या म्हणाल्या. "खाल्लाय."

बशी हातोहात फिरली. टाळ्या विरल्या. जो तो आपापल्या पोटाकडे बघू लागला, कारण भांडखोराचे दाणे जिरवलेलं पोट काही काकांचं एकट्याचंच नव्हतं. न्यायमूर्ती हळूच म्हणाले, "गेल्या खेपेला आम्हीही एखादी शेंग ठेवायला हवी होती." बेकरीवाली बराच वेळ आपल्या एप्रनचा काठ बोटांत चोळत राहिली, आणि एकदम म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही काठात वजन का घालता हो?"

"कसलं वजन?"

"हे काय. कडक लागतं. कापड छान पडावं म्हणून शिंपी काहीतरी घालत असतील, असं मला वाटायचं."

शिंपीकाका ताठ झाले. काठात वजन घालतात ते हातात कसब नसलेले लोक! त्यांनी कात्री काढली, एप्रनची दुमड जराशी उसवली, आणि त्यांच्या तळहातावर भोपळ्याची बी पडली. टपोरी.

काकांनी बीकडे बघितलं, दुमडीकडे बघितलं. टाके लांब लांब, वाकडे, एक इकडे तर एक तिकडे. टाके काकूंचे. मशीनवर कपडा शिवून झाला की शेवटची दुमड हाताने घालायचं काम काकूंचं असे. दुपारी त्या पडवीत ढीग घेऊन बसत. टाके बघून काकांचा जीव खालीवर होई, पण बायकोला बोलणार कोण? आणि गिऱ्हाइकाने कधी तक्रारही केली नाही.

"तुमची पँट!" काका न्यायमूर्तींवर ओरडले.

"काय म्हणालात?"

"पँट! पाय वर करा!"

मग जे सुरू झालं ते त्या गल्लीने आधी कधी पाहिलं नव्हतं. न्यायमूर्ती टेबलावर एक पाय ठेवून उभे, काका गुडघ्यावर बसून उसवतायत. एका पायात मोहरी, दुसऱ्यात मिरची. पोस्टमन म्हणाला, "म्हणजे पावसाळ्यात माझ्या पँटच्या दुमडीत कोंब आला होता तो चिखलाने नव्हे होय!" त्याच्याकडे सूर्यफूल निघालं. माणसं घरी धावली, पेट्या उघडल्या, जुने झगे, कोट, पडदे, अभ्रे, सगळं उचलून आणलं. एका पडद्याच्या काठात अख्खी मुळ्याची शेती निघाली. ज्याचा स्वभाव जसा, तसं बी त्याच्या काठात. काकूंनी कुणालाच चुकवलं नव्हतं. लोक हसत होते, नाचत होते, उसवलेल्या पँटींत पाय अडकून एकमेकांवर पडत होते. न्यायमूर्तींनी तर आपली मोहरी डोक्यावर धरून फाटकापर्यंत दौड मारली.

फक्त जांभळा दाणा कुठे निघेना.

"तुमच्या अंगावरच्या कपड्यांत बघा की," पोस्टमन म्हणाला.

काकांनी मान हलवली. स्वतःच्या कपड्यांची दुमड ते स्वतःच घालत. तिचे टाके त्यांना अंगावर बघवत नसत. हे त्यांनी असं मोठ्याने सांगितलं, आणि सांगितल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

"आणि दारामागचं जाकीट?" ताई म्हणाल्या.

काकांचे कान लाल झाले. ते जाकीट काकूंनी एका उन्हाळ्यात लपूनछपून, संपूर्ण हाताने शिवलं होतं. असलं वाकडं कापड काकांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. एक खांदा वर, एक खाली, काजं तिरकी. शिंप्याने हे घालून रस्त्यावर जायचं म्हणजे दुकानाला कुलूपच. तेव्हा त्यांनी घाम पुसत म्हटलं होतं, "छान आहे. मोठ्या प्रसंगासाठी ठेवतो." काकू त्यांच्याकडे बघून अशा हसल्या होत्या, की पोट धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "आणा इकडे. दोन टाके राहिलेत." दुसऱ्या दिवशी जाकीट दारामागे लटकलेलं होतं, ते आजवर.

काका आत गेले आणि जाकीट घेऊन आले. अस्तरावरून बोटं फिरवली. खालच्या काठाला, खिशाला, कॉलरला, सगळीकडे घेवड्याच्या दाण्याएवढ्या कडक गोळ्या लागल्या. आणि आत्ता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. "छान आहे", "मोठ्या प्रसंगासाठी": जन्मात त्यांनी मारलेली ती एकुलती एक थाप. काकूंनी तिचं बी तिथल्या तिथे चुकतं केलं होतं.

"उसवा!" गल्ली ओरडली.

काकांनी कात्री लावली. कात्री उघडली. मिटेना. तिच्या हातचा हा एकच अख्खा कपडा. तिच्या टाक्यांना कात्री कशी लावायची?

"द्या इकडे, मी उसवते," ताई पुढे आल्या.

काकांनी जाकीट मागे घेतलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून अंगातच घातलं. आणि जाकीट चपखल बसलं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. वर्षानुवर्षं मशीनवर एका अंगाने वाकून काकांचाच एक खांदा वर गेला होता आणि एक खाली. सगळ्या गावाची मापं घेतली, स्वतःचं घ्यायचं राहिलं. जाकीट सरळ होतं. वाकडे होते ते काका.

"हे मी उसवणार नाही," काका म्हणाले. त्यांनी स्टूल उचललं, काकूंच्या रिकाम्या वाफ्यात नेऊन ठेवलं आणि वर बसले. "पाणी घाला."

"कशावर?" ताईंनी विचारलं.

"माझ्यावर. घेवडा ओल्या फडक्यातही रुजतो."

"भावोजी, इतकी वर्षं झाली. दाणे मेले असतील."

"मग मी भिजेन. तुमचं काय जातंय?"

ताईंनी झारी आणली आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर डोक्यापासून पाणी घातलं. त्यांना ते करताना बरंच बरं वाटलं, हे नाकारता येणार नाही. मग गल्लीने पाळ्या लावल्या. सकाळी पोस्टमन, दुपारी न्यायमूर्ती, बेकरीवाली येताना गरम पाव आणी आणि काकांच्या मांडीवर छत्री धरी, म्हणजे पाव कोरडा राही. गिऱ्हाइकं वाफ्यात येऊन मापं देऊन जात. रात्री जाकीट ओल्या फडक्यासारखं खुर्चीच्या पाठीला, आणि उजाडलं की परत अंगात. दिवस गेले, काही होईना. काकांना पडसं झालं. ताई रोज दोनदा म्हणत, "मेलेत," आणि रोज दोनदा झारी भरून आणत.

मग एका सकाळी काकांना शिंक येऊ घातली. ती पोटातून निघाली, छातीशी थबकली, नाकापर्यंत आली आणि अशी फुटली, की स्टूल वाफ्यात चार बोटं रुतलं. त्या हादऱ्याने कॉलरखालून काहीतरी टुपकन वर आलं आणि काकांच्या कानाला गुदगुल्या करू लागलं.

"ताई!" काका ओरडले. "बघा, कोण आहे!"

कोंब होता. मग खिशातून एक. मग काजातून एक, बटणाला वळसा घालून. लांब, सैल, वाकड्या टाक्यांच्या फटींतून एकेक कोंब आरामात डोकं काढत होता. काकांच्या टाक्यांतून मुंगीदेखील आली नसती. काकांनी चिमट्याने एकेक कोंब अलगद बाहेर घेतला, वाफ्यात लावला, आणि एकही टाका तुटला नाही.

त्या हंगामात भांडखोराने उट्टं काढलं. त्याने न्यायमूर्तींचं वर्तमानपत्र त्यांच्या आधी वाचायला घेतलं. पोस्टमनची टोपी घेतली आणि परत देताना आत शेंग ठेवली. आणि यंदा प्रत्येक घराने, खाण्याआधी, मूठभर दाणे राखले.

पुढच्या बियांच्या रविवारी शिंपीकाका जाकीट घालून टेबलामागे उभे राहिले. लोक म्हणाले, आधी तुम्ही. काकांनी जसं घडलं तसं सांगितलं: झारी, पडसं, शिंक, कानातला कोंब. इंचाचाही फरक केला नाही. शेजारच्या गल्लीतले लोक प्रथमच आले होते, ते हसून हसून लोळले. म्हणाले, असली थाप कुणी ऐकली नव्हती. काकांनी "अहो, खरंच" म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हात पुढे केला. न्यायमूर्तींनी त्यावर एक पुडी ठेवली.

संध्याकाळी उरलेलं बी ताई डब्यात भरत होत्या. डबा पुसला, चिठ्ठी घेतली, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, "भांडखोर घेवडा, बियाणं". चिकटवणार, तेवढ्यात थांबल्या. चिठ्ठी चुरगाळली. दुसरी घेतली आणि त्यावर लिहिलं, "बटणं".

काका बघत राहिले. "ताई, तुम्ही?"

"मग काय करू?" ताई डब्यावर चिठ्ठी दाबत, मान वर न करता म्हणाल्या. "काल त्या फळीवर एक उंदीर बसला होता वाचत. तुमचा चष्मा लावून."

काकांनी डोळे मिटले, हात हवेत जरा तोलला, आणि डब्यात हात घालून ओंजळभर जांभळे दाणे ताईंच्या पदरात ओतले. मग ताई लेखणी ठेवायला वळल्या, तशी त्यांच्या बाजाराच्या पिशवीत मागून आणखी एक मूठ सरकवली.